डग्गा कुठे गेला?

हेडफोन घेण्याआधी तीन आठवडे मी गाणं ऐकलंच नाही, नुसते आलेख बघितले. आडवे २० ते २०,००० हर्ट्झ, उभे डेसिबल, आणि मधून जाणारी तुटक रेषा म्हणजे हार्मनचा टार्गेट कर्व्ह. त्या रेषेला चिकटून चालेल तो हेडफोन चांगला. सॉफ्टवेअरवाल्याला असा पास-फेलचा हिशेब आवडतोच.

बरं, हा कर्व्ह कुणी स्वप्नात पाहिलेला नाही. हार्मनच्या शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना ऐकवून ऐकवून तो बेतला. त्यांची एक युक्ती मला फार आवडते. एकाच हेडफोनवर इक्वलायझर लावून बाकीच्यांच्या आवाजाची नक्कल करायची. ब्रँड, किंमत, वजन, काहीच कळत नाही. उरतो फक्त आवाज. मग लोकांनी दिलेले गुण आणि आलेख यांची सांगड घालून त्यांनी एक सूत्र काढलं. कान झाकणाऱ्या हेडफोनसाठी सूत्राचा अंदाज आणि खरी पसंती यांचा सहसंबंध ०.८६ निघाला. ‘मशीनला गाण्यातलं काय कळतं’ म्हणणाऱ्यांनी या आकड्याचं काहीतरी उत्तर द्यायला हवं. २०१७ साली येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांची मोजमापं तपासली, तेव्हा फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्सचा किमतीशी संबंधच सापडला नाही. ते वाचून माझे बरेच पैसे वाचले.

तर, हेडफोन आले. बाबा हौशी तबलावादक. त्यांना एक तबला सोलो लावून दिला. दोन मिनिटांत त्यांनी हेडफोन काढले.

“अरे, डग्गा कुठे गेला?”

“बाबा, आलेखात बास अगदी बरोबर आहे. तुमचं वय...”

वयानुसार आधी जातात ते उंच स्वर, खर्ज नाही. हे मला माहीत होतं. तरी बोललो.

बाबा काही बोलले नाहीत. रात्री चष्मा काढून झोपायला निघाले होते, तेव्हा मीच पुन्हा हेडफोन पुढे केले. थोडं ऐकून म्हणाले, “आता आहे.”

चष्म्याच्या जाड काडीमुळे कुशन आणि कान यांच्यात फट राहत होती. क्लोज्ड-बॅक हेडफोनमधला खर्ज कोंडलेल्या हवेवर टिकतो. फट पडली की तोच पहिला गळतो. मोजणीचा कृत्रिम कान चष्मा घालत नाही.

हा दोष सूत्राचा म्हणायचा का? मला नाही वाटत. हार्मनच्याच पुढच्या अभ्यासात ६४ टक्के श्रोत्यांना टार्गेटच्या जवळचा आवाज आवडला, १५ टक्क्यांना त्याहून जास्त बास हवा होता, २१ टक्क्यांना कमी. म्हणजे शंभरातले छत्तीस जण त्या रेषेबाहेरचे आहेत, हे खुद्द रेषा आखणाऱ्यांनीच सांगितलंय. आठ-नऊ हजार हर्ट्झच्या वर तर हेडफोन जरासा सरकवला तरी आलेखातले चढ-उतार जागा बदलतात. आपण मात्र दोन हेडफोनांमधल्या एका गुणाच्या फरकावरून भांडतो. मीही भांडलोय, आणि तेही स्वतःच्या बापाशी.

परत जायला पाहिजे होते ते हेडफोन, पण बाबांनी ठेवून घेतले. आता ते चष्मा काढून ऐकतात. मग स्क्रीनवरचं काही दिसत नाही, म्हणून पुढचं रेकॉर्डिंग लावायला फोन माझ्या हातात येतो.