निळ्या पाट्यांवरची अर्धी वाक्यं

पेन्सिल्व्हेनिया राज्यात रस्त्याच्या कडेला, खांबावर बसवलेली एक निळी पाटी वारंवार दिसते. ओतीव ॲल्युमिनियमचा पत्रा, निळ्या पृष्ठभागावर सोनेरी-पिवळी उठावाची अक्षरं आणि माथ्यावर राज्याचं चिन्ह. १९४६ पासून तिथला इतिहास आणि वस्तुसंग्रहालय आयोग अशा पाट्या उभारतो आहे. आज त्या दोन हजारांहून अधिक आहेत. जाणाऱ्या माणसाला गाडीतून वाचता यावं म्हणून अक्षर मोठं ठेवलेलं असतं, त्यामुळे मजकुराला जागा थोडी उरते. तीन-चार वाक्यांत एक घटना, एक तारीख, क्वचित एखादं नाव.

एवढ्या तोकड्या जागेत लिहिणाऱ्याला प्रत्येक शब्द निवडावा लागतो, आणि निवडीत लेखकाची दृष्टी दिसतेच. म्हणून या पाट्या माहितीफलक म्हणून वाचून पुढे जाऊ नये, त्यांच्यापाशी कवितेपाशी थांबतो तसं थांबावं, असं मला मनापासून वाटतं. राज्याच्या ईशान्य भागात, स्क्रँटन, विल्क्स-बॅरे, हेझलटन, पॉट्सव्हिल या गावांच्या पट्ट्यात तर नक्कीच. हा अँथ्रासाइटचा, म्हणजे कठीण, चकचकीत, जवळजवळ धूर न करता जळणाऱ्या कोळशाचा मुलूख. १९१७ च्या सुमारास इथून वर्षाला दहा कोटी टनांच्या आसपास कोळसा निघत होता. आज बहुतेक खोल खाणी बंद पडल्या आहेत, 'ब्रेकर' म्हणजे कोळसा फोडून निवडण्याच्या अजस्र इमारती पाडल्या गेल्या आहेत, आणि 'कल्म' म्हणतात त्या टाकाऊ कोळशाच्या काळ्या टेकड्यांवर बर्चची झाडं उगवली आहेत. खाण डोळ्यांना दिसत नाही, तिथे ती सांगण्याचं काम पाट्यांकडे आणि स्मारकांकडे आलं आहे.

या मजकुरांत दोन सूर ऐकू येतात. रेल्वेच्या पाट्यांचा सूर आनंदाचा आहे. होन्सडेल गावची पाटी 'स्टूरब्रिज लायन' या इंजिनाची. ८ ऑगस्ट १८२९ रोजी इंग्लंडहून आणलेलं हे वाफेचं इंजिन होरेशिओ ॲलन यांनी इथे रुळांवर चालवलं. अमेरिकेतल्या व्यापारी रुळांवर धावलेलं ते पहिलं इंजिन. स्क्रँटनमध्ये लॅकवॉना रेल्वेच्या जुन्या यार्डात 'स्टीमटाउन' नावाचं राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. तिथे इंजिनं घासूनपुसून ठेवली आहेत आणि मुलं त्यांच्यावर चढतात. पहिलं, सर्वांत मोठं, सर्वांत वेगवान: रेल्वेच्या स्मृतीची विशेषणं अशी आहेत.

खाणीच्या पाट्यांवर विशेषणं जवळजवळ नाहीत, आकडे आहेत. प्लिमथजवळच्या अव्हॉनडेल खाणीची पाटी घ्या. ६ सप्टेंबर १८६९ रोजी तिथे ११० माणसं मेली. खाणीला बाहेर पडायची वाट एकच होती, आणि त्या एकमेव विवराच्या तोंडावर लाकडी ब्रेकर बांधलेला होता. आग लागली, ब्रेकर पेटला आणि खाली असलेले १०८ जण वरून येणाऱ्या हवेविना गुदमरले. त्यांना शोधायला उतरलेले आणखी दोघे वर आलेच नाहीत. मेलेल्यांत वेल्श लोक फार होते, आणि मुलंही होती. पुढच्याच वर्षी राज्याने कायदा करून प्रत्येक खाणीला दुसरी वाट आणि तपासणीसाठी निरीक्षक सक्तीचा केला.

आता हे दोन प्रकारचे मजकूर शेजारी ठेवून वाचा. स्टूरब्रिज लायन आणवणारी डेलावेअर अँड हडसन कंपनी कार्बनडेलच्या आपल्या खाणींतला कोळसा वाहण्यासाठीच ते इंजिन आणत होती. स्टीमटाउनचं यार्ड ज्या लॅकवॉना रेल्वेचं, अव्हॉनडेलच्या खाणीमागेही तीच होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या मुलखातल्या बहुतांश कोळशावर मूठभर रेल्वे कंपन्यांचा ताबा होता. कोळसा त्यांचा, तो वाहणारे डबेही त्यांचे आणि भाडं ठरवणारेही तेच. म्हणजे कर्ता एक होता. स्मारकांनी मात्र त्याचं वाक्य मधोमध तोडलं आहे. कर्त्याचं कौतुक एका गावच्या पाटीवर आहे आणि त्याच्या क्रियापदाखाली सापडलेली माणसं दुसऱ्या गावच्या पाटीवर. एकेकटी पाटी खोटं काहीच सांगत नाही. दोन्ही जोडून वाचणारा वाचक मात्र तिथे कुणी उभा केलेला नाही, ते काम आपल्यालाच करावं लागतं.

असं जोडून वाचायची सवय लागली की 'मॉली मग्वायर्स', म्हणजे खुनांचा आरोप ठेवलेल्या आयरिश गुप्त संघटनेची स्मारकं वेगळी दिसू लागतात. २१ जून १८७७ या एका दिवशी दहा आयरिश माणसांना फाशी दिली गेली, सहांना पॉट्सव्हिलमध्ये आणि चौघांना मॉक चंक इथे. पुढच्या दोन-अडीच वर्षांत एकूण आकडा वीसवर गेला. त्यांच्याविरुद्धचा पुरावा गोळा केला पिंकर्टन कंपनीच्या खाजगी गुप्तहेराने. त्याला कामावर लावलं होतं रीडिंग रेल्वेचे अध्यक्ष फ्रँकलिन गोवेन यांनी, आणि खटल्यांत सरकारी बाजूने बोलायला उभे राहिले तेही गोवेनच. मॉक चंकच्या (आता त्या गावाचं नाव जिम थॉर्प आहे) जुन्या तुरुंगात सतरा नंबरच्या कोठडीत भिंतीवर हाताचा एक ठसा दाखवतात. फाशी जाणाऱ्या कैद्याने आपल्या निर्दोषपणाची खूण म्हणून तो उमटवला आणि पुसून, रंगवूनही तो जात नाही, अशी आख्यायिका. कैदी कोण, यावरही लोकांचं एकमत नाही. ठसा खरा की खोटा यात मला रस नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की न्यायालयाने ज्यांचं म्हणणं नोंदवलं नाही त्यांच्यासाठी लोकांनी एक मजकूर तयार केला, त्यात एकही अक्षर नाही आणि तरी दीडशे वर्षं तो वाचला जातो आहे. १९७९ साली राज्यपाल मिल्टन शॅप यांनी मॉलींचा म्होरक्या ठरवलेल्या जॅक केहो यांना मरणोत्तर माफी दिली. कागदाला भिंतीच्या मागून यायला शंभर वर्षं लागली.

पण हा सगळा मुलूख एका जागी उभं राहून वाचायचा असेल, तर ती जागा लॅटिमर. हेझलटनपासून जेमतेम पाच किलोमीटर. कंपनीने मजुरांसाठी वसवलेली वस्ती, तिथल्या बोलीत 'पॅच'. वस्तीच्या तोंडाशी दोन स्मारकं जवळजवळ आहेत, एक सरकारी निळी पाटी आणि एक भला मोठा दगड. घटना एकच, सांगणारे दोन.

आधी घटना. ऑगस्ट १८९७ मध्ये हनी ब्रूक खाणीत खेचरं हाकणाऱ्या पोरांचं काम वाढवलं गेलं. विरोध करणाऱ्या एका पोराला व्यवस्थापक गोमर जोन्स याने पहारीने मारलं. ही खाण लीहाय अँड विल्क्स-बॅरे कोल कंपनीची, आणि ती कंपनी न्यू जर्सी सेंट्रल रेल्वेच्या हातातली. संप पसरला. त्याला आणखी एक इंधन होतं: त्याच उन्हाळ्यात राज्याने परदेशी मजुरामागे दर दिवशी तीन सेंटचा कर बसवला होता आणि मालकाला तो मजुरीतून कापून घ्यायची मुभा दिली होती. कंपनीच्या दुकानातूनच माल घ्यायचा, कंपनीच्या डॉक्टरचे पैसेही मजुरीतूनच कापले जायचे. हे सहन करणारे बहुतेक पोलिश, स्लोव्हाक, लिथुआनियन. १० सप्टेंबरला दुपारी तीन-चारशे जण हार्वूडहून लॅटिमरकडे चालत निघाले, लॅटिमरच्या खाणकामगारांना संपात ओढायला. हातात शस्त्र नव्हतं, पुढे अमेरिकेचा झेंडा होता. वाटेत शेरीफ जेम्स मार्टिन यांच्या माणसांनी त्यांना अडवलं, झटापट झाली, तरी ते चालत राहिले. मार्टिन यांचे हत्यारबंद डेप्युटी ट्रॉलीत बसून त्यांच्याआधी लॅटिमरला पोचले. पायी येणाऱ्यांना रुळांवरून जाणाऱ्यांनी गाठलं, हा तपशील मला कधी विसरता येत नाही. गोळीबारात किमान एकोणीस जण मेले. बहुतेकांना गोळ्या पाठीत लागल्या होत्या.

निळी पाटी हे कसं सांगते? आशय असा: सामूहिक वाटाघाटींचा हक्क आणि नागरी स्वातंत्र्य मागणारे स्थलांतरित संपकरी निषेध करत चालले होते, इथे सशस्त्र डेप्युटी त्यांच्यासमोर आले, आणि त्यानंतर उडालेल्या चकमकीत वीसहून अधिक मोर्चेकऱ्यांचा मृत्यू झाला. वाक्यं नेटकी आहेत. पहिल्या वाक्यात मोर्चेकऱ्यांना हेतू दिला आहे, तोही उदात्त, आणि सरकारी पाटीने तो द्यावा हे कमी नाही. पण हा हेतू फार धुतलेला आहे. तीन सेंट, पहार, कंपनीचं दुकान हे सगळं त्या दोन मोठ्या शब्दांत विरघळून गेलं. आणि शेवटच्या वाक्यात कर्ता चकमक आहे. माणसं मेली ती चकमकीने. गोळी झाडणारा वाक्यात कुठेच नाही. डेप्युटी आधीच्या वाक्यात 'समोर आले' एवढ्यावर थांबतात.

दगडावरचा मजकूर इथूनच सुरू होतो, जणू लिहिणाऱ्याच्या समोर पाटी होती. तो म्हणतो, ही लढाई नव्हती, कारण हे लोक चाल करून गेले नव्हते. मग म्हणतो, हा बचावही नव्हता, कारण त्यांच्याकडे कसलंच शस्त्र नव्हतं. दोन शक्यता एकामागून एक खोडून तो उरलेल्या एकाच गोष्टीकडे येतो: त्यांना टाकाऊ वस्तूंसारखं टिपलं गेलं, आणि जीव घेण्याचा परवाना मिळालेल्या त्या माणसांत जास्त कोण कापतो याची चढाओढ लागली. ही स्मारकाची भाषा नाही, वकिलाची आहे. त्याला कारण आहे. १८९८ साली विल्क्स-बॅरेत मार्टिन आणि ७३ डेप्युटींवर खटला चालला. कायदा-सुव्यवस्था राखताना धोका वाटला, असा बचाव झाला आणि सगळे सुटले. दगडावरचं पहिलं वाक्य वाचताना मला तो निकाल आठवतो. कोर्टात जी बाजू हरली ती इथे पुन्हा मांडली आहे, मुद्द्याला मुद्दा देऊन. 'परवाना' हा शब्द तर थेट वर्मावर आहे. मारणारे गुंड असते तर राज्याला हात झटकता आले असते. त्यांना रीतसर शपथ देऊन नेमलं होतं, म्हणून दगड खुनाबरोबर नेमणुकीवरही बोट ठेवतो.

या दगडाचं वर्ष १९७२ आहे. घटनेनंतर पंचाहत्तर वर्षांनी युनायटेड माइन वर्कर्स आणि स्थानिक कामगार संघटनांनी तो उभारला. इतका उशीर का, याचं उत्तर मला त्या गावांच्या रचनेत दिसतं. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, रोजगार कंपनीचा. अशा ठिकाणी दगड रोवायचा तरी कुणाच्या जमिनीवर? लॅटिमरनंतरच्या महिन्यांत हजारो स्लाव मजूर संघटनेत आले आणि १९०२ चा मोठा संप त्यांच्या बळावर उभा राहिला. त्या संपाचे पुढारी जॉन मिचेल यांचा पुतळा १९२४ मध्येच स्क्रँटनच्या न्यायालयाच्या चौकात आला. पुढाऱ्याच्या पुतळ्यापासून मजुरांच्या दगडापर्यंत आणखी ४८ वर्षं लागली. तोवर खाणी संपल्या होत्या, कंपन्यांचा धाक उरला नव्हता.

खाणी संपल्या कशा, तेही एका पाटीवर आहे, पोर्ट ग्रिफिथ इथे. २२ जानेवारी १९५९ रोजी नॉक्स कंपनीच्या खाणीत सस्क्वेहॅना नदी शिरली. नदीखाली खडकाचं छत किमान ३५ फूट ठेवायला हवं होतं. फुटलं त्या जागी ते दोन फूटही नव्हतं. खाली ८१ जण होते, ६९ वाचले, बारा जणांचे देह आजवर मिळाले नाहीत. स्मारकाच्या दगडावर त्या बारा जणांची नावं आहेत, आणि इथे ती नावं कबरीचं काम करतात, कारण दुसरी कबरच नाही. भगदाड बुजवायला लीहाय व्हॅली रेल्वेचे रूळ तोडून नदीकडे वळवले आणि डझनांनी डबे भोवऱ्यात लोटले. शतकभर कोळसा वाहून नेणारे डबे कोळशाच्या खाणीत गेले. कोळसा आणि रेल्वे यांचं तुटलेलं वाक्य फक्त इथे, फार उशिरा, एकत्र आलं.

लॅटिमरच्या पाटीकडे परत यायला हवं, कारण तिचा विषय संपलेला नाही. परदेशी मजुरांवरचा तो कर न्यायालयाने १८९७ मध्येच घटनाबाह्य ठरवला. २००६ साली हेझलटन शहराने बेकायदा स्थलांतरितांना घर भाड्याने देणाऱ्या आणि काम देणाऱ्यांना दंड करणारा वटहुकूम काढला. संघीय न्यायालयांनी तोही अडवला. वटहुकूम काढणाऱ्या त्या शहरात लॅटिमरला मेलेल्यांच्या भाषा बोलणाऱ्या माणसांची नातवंडं-पतवंडं राहतात. आज हेझलटनमध्ये बहुसंख्य लोक स्पॅनिश बोलणारे आहेत, त्यांतले पुष्कळ डॉमिनिकन, गोदामांत आणि कारखान्यांत राबणारे. त्यांच्यापैकी कुणी लॅटिमरच्या रस्त्याने गेलं तर पाटीवर त्याला 'स्थलांतरित' हा शब्द भेटेल, तीन सेंट भेटणार नाहीत.

त्या पाटीचा मजकूर कधी नव्याने ओतायचा झाला तर मी चार गोष्टी मागेन. तीन सेंटचा कर. हनी ब्रूकमागच्या रेल्वेचं नाव. शेरीफ मार्टिन यांचं नाव, आणि वाक्याचा कर्ता म्हणून त्यांचे डेप्युटी. शेवटी, गोळ्या पाठीत लागल्या हे. मी शब्द मोजून पाहिले आहेत, एवढं त्या जागेत बसतं.