सहा डॉलरच्या टी-शर्टची गोष्ट

गेल्या खेपेला यवतमाळ जिल्ह्यात मामांकडे गेलो, तेव्हा नेहमीप्रमाणे बॅगेतून टी-शर्ट निघाले. मामांची हयात कापूस पिकवण्यात गेली. टी-शर्ट उलटसुलट करून पाहत त्यांनी विचारले, “लेबलवर होंडुरास लिहिलं आहे, पण कापूस कुठला रे?” मला सांगता येईना. इकडे परत आल्यावर पिएत्रा रिवोली यांचे ‘द ट्रॅव्हल्स ऑफ अ टी-शर्ट इन द ग्लोबल इकॉनॉमी’ हे पुस्तक पुन्हा वाचायला काढले.

रिवोली जॉर्जटाऊन विद्यापीठातल्या प्राध्यापिका. १९९९ साली तिथल्या निदर्शनांत एका विद्यार्थिनीने ‘तुमचा टी-शर्ट कोणी शिवला?’ असा सवाल केला. तो ऐकून बाईंनी फ्लोरिडात सुमारे सहा डॉलरला घेतलेल्या टी-शर्टचा माग काढला. टेक्ससमधल्या लबकच्या कापसाच्या शेतापासून शांघायच्या गिरणीपर्यंत, वॉशिंग्टनमधल्या आयात-कोट्याच्या राजकारणातून टांझानियातल्या जुन्या कपड्यांच्या बाजारापर्यंत. पुस्तक २००५ चे, सुधारित आवृत्ती २००९ ची. अर्थशास्त्राचा गंध नसलेल्यालाही ते सहज वाचता येते.

टेक्ससचा शेतकरी का जिंकतो, हा यातला सर्वांत सरस भाग. सरकारी सबसिडी आहेच. पण विद्यापीठातले संशोधन, यंत्रे आणि सहकारी संस्थाही आहेत. एकट्या सबसिडीला खलनायक करण्याचा सोपा मार्ग लेखिका घेत नाही. खुल्या बाजाराचे गोडवे गाणारेच राजकारणाच्या आधाराने स्पर्धा कशी टाळतात, हे ती नेमके दाखवते.

उणीव मला जाणवली ती अशी, की गरीब देशातला कापूस उत्पादक या गोष्टीत मुख्य पात्र होत नाही. मामांसारख्या माणसाला व्यापाराचे जागतिक नियम काय देतात? उत्तरासाठी पुस्तकाबाहेरची हकिगतही पाहावी लागते.

ब्राझीलने २००२ मध्ये अमेरिकेच्या कापूस सबसिडीविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला आणि २००५ मध्ये अपिलातही जिंकला. अमेरिकेने पुरेसे बदल केले नाहीत, तेव्हा २००९ मध्ये ब्राझीलला प्रतिकारवाईची परवानगी मिळाली. ती टाळण्यासाठी अमेरिकेने ब्राझीलच्या कापूस उत्पादकांच्या निधीला वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर देण्याचे कबूल केले; २०१४ मध्ये आणखी ३० कोटी देऊन प्रकरण मिटवले.

याच काळात बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार आफ्रिकी देशांनी २००३ मध्ये हीच तक्रार वाटाघाटींच्या टेबलावर मांडली होती. बेनिन आणि चाड तर ब्राझीलच्या खटल्यात ‘तिसरे पक्ष’ म्हणून हजरही होते. त्यांना काय मिळाले? २००५ च्या हाँगकाँग परिषदेत श्रीमंत देशांनी कापसाची निर्यात सबसिडी बंद करण्याचे मान्य केले. पण खरा प्रश्न देशांतर्गत सबसिडीचा होता. ती कमी करण्याची भाषा झाली आणि दोहा फेरीबरोबरच रखडली. ब्राझीलला मिळालेल्या पैशांत या चौघांचा वाटा नव्हता.

आमच्या सल्लागारीच्या धंद्यातही हे दिसते. करारात कलम दोघांसाठी सारखेच असते. वकील लावून ते अमलात आणणे छोट्या कंपनीला परवडत नाही. गरीब देशांना कायदेशीर मदत देणारे एक सल्ला केंद्र जिनिव्हात २००१ पासून आहे, ते स्वागतार्हच. पण खटला जिंकल्यावर समोरच्याला झोंबेल अशी प्रतिकारवाई करण्याइतकी बाजारपेठ मालीने कुठून आणायची?

म्हणून नियमच नकोत, असे मात्र मी म्हणणार नाही. नियम नसते तर ब्राझीलचेही कोणी ऐकले नसते. अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवल्यामुळे डिसेंबर २०१९ मध्ये संघटनेचे अपील मंडळ ठप्प झाले. त्यात सर्वांत मोठे नुकसान दुबळ्यांचेच आहे.

मामांच्या अडचणींना कोरडवाहू जमीन, कर्ज आणि लहरी पाऊसही कारण आहेत. सगळे खापर अमेरिकेवर फोडणे खोटेपणाचे होईल. पण इथे कर भरणाऱ्या आपल्याला त्या सबसिडीशी आपला संबंध नाही, असेही म्हणता येणार नाही. कॉलेजात जाणाऱ्या मुलांच्या हाती हे पुस्तक जरूर द्या. वाचून झाल्यावर त्यांना मामांचा प्रश्नही विचारा: कापूस कुठला रे?