'परफेक्टो' म्हणजे नक्की कोणतं जॅकेट?

वर्गीकरण हा रिसर्चमधला सगळ्यात सोपा भाग वाटतो. कॉलम आखायचे, नावं भरायची, झालं. पण तुम्ही भरताय ती नावं मुळात कुणी ठेवली आणि कशासाठी, हे कधी विचारलंय? मोटरसायकलस्वारांची जुनी लेदर जॅकेट्स हे याचं झकास उदाहरण आहे.

न्यूयॉर्कच्या शॉट कंपनीने १९२८ मध्ये झिपवालं जॅकेट आणलं. आयर्विंग शॉट यांच्या आवडत्या सिगारवरून त्याचं नाव पडलं 'परफेक्टो'. पुढे नंबर आले: ६१३ च्या खांदपट्टीवर चांदणी असते, ६१८ वर नसते. लंडनच्या लुईस लेदर्सचं लाइटनिंग म्हणजे ३९१. अमेरिकेत पोर्टलंडच्या लँगलिट्झकडे कोलंबिया आणि कॅस्केड, म्हणजे त्यांच्याच भागातली नदी आणि डोंगररांग.

आता बघा, सिगार, वीज, नदी. यातल्या एकाही नावावरून कट, चामडं किंवा साल कळत नाही. नाव विकायला, नंबर ऑर्डर घ्यायला. दोन्ही दुकानदाराच्या सोयीचे. संग्राहकांच्या लिखाणात मात्र हीच नावं प्राण्यांच्या प्रजातींसारखी वापरली जातात. माझा आक्षेप इथे आहे.

एक तर, नाव टिकतं आणि वस्तू बदलते. ६१८ आजही नवं कोरं विकत मिळतं. म्हणजे नंबर हा तारखेचा पुरावा नाही. त्यासाठी लेबल, झिप, अस्तर तपासावं लागतं. दुसरं, नाव मालकाच्या हातून निसटतं. आपण कुठल्याही मशीनवर 'झेरॉक्स' काढतो, तसं फ्रेंचमध्ये तिरक्या झिपचं कुठलंही असं जॅकेट 'परफेक्टो' होतं. मग नोंदीत हा शब्द दिसला तर तो कंपनी सांगतोय की आकार?

तिसरं उदाहरण 'द वाइल्ड वन' (१९५३) या सिनेमाचं. मार्लन ब्रँडोचं जॅकेट कुणी ६१३ म्हणून लिहितं, कुणी ६१८. पडद्यावर दिसते ती खांद्यावरची चांदणी, आतलं लेबल नाही. निरीक्षण चांदणीपर्यंतच पोचतं. नंबर हा अंदाज आहे. छापून आल्यावर तोच अंदाज पुढच्याचा 'संदर्भ' बनतो.

याचा अर्थ नावं टाकून द्या असा नाही. ६१३ आणि ६१८ मधला फरक खराच आहे. फक्त एका कॉलमऐवजी तीन करा: बनवणाऱ्याने दिलेलं नाव, नंतरच्या लोकांनी दिलेलं नाव, आणि मला प्रत्यक्ष काय दिसतं. पहिला कॉलम रिकामा राहिला तर राहू द्या, अंदाजाने भरू नका.

आता तुमचं प्रपोजल उघडा. त्यात 'मध्यमवर्ग', 'बोली', 'पारंपरिक' असा एखादा शब्द असणारच. तो या तीनपैकी कुठल्या कॉलममधला, ते गाइडने विचारायच्या आत ठरवून ठेवा.