कानांनी वाचलेल्या विज्ञानकथा

ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे, असे आमचे एक स्नेही ठासून सांगत असतात. पुस्तक मांडीवर उघडे हवे, बोट ओळीवर हवे आणि कंटाळा आला तर चार पाने गाळण्याचा हक्क हवा; यांतले काहीच ज्यात नाही ते वाचन कसले, असा त्यांचा सवाल. काही वर्षांपूर्वी मीही त्यांच्याच पंगतीत बसलो असतो. पण सौभाग्यवतीला काचबिंदूने गाठले. दृष्टीच्या कडा खात खात तो आत सरकला, आणि घरात दिवाळी अंक आला की तो प्रथम उघडण्याचा जिचा मान, तिच्या वाट्याला नव्या कागदाचा वास तेवढा उरला. तेव्हापासून आमच्या घरी पुस्तके बोलू लागली. संध्याकाळी आम्ही कोराडीत फेरीला निघतो, ते एका तारेची दोन टोके दोघांच्या कानांत घालून. पाहणारे हसतात. हसोत बापडे.

आवाजाविषयी माझी मते थोडी हट्टी आहेत, हे आधीच कबूल करतो. नोकरीची सारी वर्षे वीजकेंद्रात टर्बाइनशेजारी गेली. मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या त्या यंत्राच्या बेअरिंगवर लांब स्क्रू-ड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची आणि एवढ्या कोलाहलात एकच सूर ऐकायचा. पुष्कळदा दुखणे आधी कानाला कळे, मग काट्याला. अशा माणसाला पुस्तक वाचून दाखवणाऱ्याने नाटकीपणा केला, की तो घरघर केल्यासारखा लगेच टोचतो.

विज्ञानकथेचा आणि ध्वनीचा संबंध तसा जुना आहे. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी अमेरिकेच्या नभोवाणीवर ऑर्सन वेल्सने एच. जी. वेल्सची मंगळावरच्या स्वारीची कादंबरी बातम्यांच्या थाटात सादर केली, आणि ऐकणाऱ्यांपैकी काहींनी ती खरी मानली. त्याच वर्षी जुलैत कोल्हापुरात जयंत नारळीकरांचा जन्म झाला. पुढे १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने आणि पत्नीच्या हस्ताक्षरात. हेतू हा, की परीक्षकांनी माणसाला नव्हे, कथेला ओळखावे. कथेला पहिले बक्षीस मिळाले. कोराडीच्या केंद्रातला पहिला संचही १९७४ सालीच सुरू झाला. या योगायोगाला अर्थ काही नाही, पण कोराडीच्या माणसाला तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

२०१७ साली स्वीडनची स्टोरीटेल ही कंपनी मराठी पुस्तके घेऊन भारतात आली, त्याच्या मागेपुढे बोलक्या पुस्तकांचा सुकाळ झाला. त्यात विज्ञानकथा पुष्कळ. आणि खेदाची गोष्ट ही, की सर्वांत जास्त छळ तिचाच. अवकाशयान म्हटले की शिटी, प्रयोगशाळा म्हटली की बुडबुडे. एका पुस्तकात तर यंत्रमानव बोलायला लागला की वाचणारे गृहस्थ नाकातून एकसुरी आवाज काढीत. आता, हे यंत्र कितपत माणूस आहे, हाच जर कथेचा प्रश्न असेल, तर वाचणाऱ्याने पहिल्याच वाक्याला निकाल कसा द्यावा? लेखकाने दीडशे पाने झाकून ठेवलेली गोष्ट यांनी नाकाच्या शेंड्यावर आणून ठेवली! सौभाग्यवती रस्त्यातच थांबली. “अजी, त्याले सर्दी झाली का?” म्हणाली. टीका म्हणून मला यापेक्षा नेमके काही लिहिता येणार नाही. नागपूरकडचे पात्र आले की दर वाक्याला ‘बे’ लावणारे वाचकही आहेत; त्यांच्याविषयी न बोललेलेच बरे.

याउलट ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. ही कथा मी छापील स्वरूपात दोनदा वाचली होती आणि माझे मत असे होते, की कल्पना थोर, पण भाषा कोरडी, वर्गात फळ्यापुढे उभे राहून सांगितल्यासारखी. नारळीकरांवर हा आक्षेप अनेक जण घेतात. कानाने ऐकताना तो माझ्यापुरता गळून पडला. इतिहासाचा प्राध्यापक एका वेगळ्याच मुंबईत जाऊन पोहोचतो; तिथे १७६१ साली पानिपतावर मराठे जिंकलेले आहेत. सगळा फरक कुठे? बखरीतल्या एका वाक्यात. विश्वासरावांना गोळी लागली, की कानाला चाटून गेली? आम्ही ऐकलेल्या पठणात वाचणाऱ्याने दोन्ही बखरींची वाक्ये अगदी एकाच आवाजात वाचली. ना थांबला, ना सूर चढवला. आणि त्यामुळेच अंगावर काटा आला. इतिहासाने दुसरी वाट धरावी, तीही अशी, की कानाला खडा लागू नये! डोळा अशा वाक्यावरून घसरतो, पुढच्या परिच्छेदाची घाई त्याला असते. कानाला पुढचे दिसत नाही. जे येईल ते येईल त्या वेगाने त्याला घ्यावेच लागते. त्या कोरड्या भाषेत पाण्याचा साठा आहे, हे मला वयाच्या उतारावर कळले. फळ्यापुढे बोलणाऱ्याची भाषा मुळात ऐकण्यासाठीच असते, एवढे साधे गणित होते.

साधे वाचावे, असा नियम मात्र मी करणार नाही. नातवाच्या आग्रहाने अँडी विअर याची ‘प्रोजेक्ट हेल मेरी’ ही इंग्रजी कादंबरी ऐकली. तिच्यात परग्रहावरचा एक जीव शब्दांनी नव्हे, सुरांनी बोलतो. कागदावर त्याची स्वरचिन्हे छापून भागते. रे पोर्टर याने वाचलेल्या पुस्तकात खरोखरच सूर वाजतात, आणि कथेतला माणूस ती भाषा शिकतो तसे आपणही दोन-चार शब्द नकळत शिकतो. त्या पुस्तकाला २०२२ सालचा ऑडी पुरस्कार मिळाला, तो योग्यच मिळाला. तिथे ध्वनी हा कथेचा अवयव आहे. आमच्याकडच्या शिट्या हा दागिना आहे, तोही खोटा.

कानाला न पेलणारी विज्ञानकथाही असते, हे स्नेह्यांच्या समाधानासाठी सांगून टाकतो. नारळीकरांच्याच ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेपाशी आमची गाडी अडली. डाव्याचे उजवे आणि उजव्याचे डावे व्हावे, ही त्या कथेतली मौज. छापील पानावर मी मध्येच थांबून स्वतःचे हात पाहिले होते, आरशापुढेही उभा राहिलो होतो. इथे आवाज पुढे पळत होता. तो थांबवला, घरी आलो आणि मोबियसच्या पट्टीची गोष्ट तोंडी समजावू लागलो. बोलता बोलता माझाच डावा-उजवा चुकला. सौभाग्यवतीने उठून परकराची नाडी आणली, तिला अर्धा पीळ दिला, दोन टोके टाचणीने जोडली आणि त्या कडेवरून बोट फिरवू लागली. फिरवता फिरवता बोट पलीकडच्या बाजूला गेले आणि तसेच पुढे जाऊन जिथून निघाले तिथे परतले. मधे कड ओलांडावी लागलीच नाही. “एकच बाजू हाये की याले!” ती म्हणाली. तोवर मला हे पाठ होते. त्या दिवशी समजले. मग उरलेली कथा आम्ही ऐकली, तेव्हा नाडी तिच्या हातातच होती.

तिच्या मते या सगळ्या कथांत बायकांना काम फारसे नसते, शोध लागतात तेव्हा त्या दुसऱ्या खोलीत असतात. हा आक्षेप मी खोडू शकलेलो नाही. मराठी विज्ञानकथाकारांनी तो खोडावा.

यंदाचे अंक आले आहेत. त्यांना आवाज नाही, तेव्हा ते वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे लागले आहे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री पणत्या लावून झाल्या की बसायचे ठरले आहे. अट एकच घातली आहे तिने: “आवाज काढू नका. नुसतं वाचा.”