पाटी, पडदा आणि रेखा : एका आक्षेपाची समीक्षा

१

संगणकाच्या साहाय्याने चित्र काढण्याची जी साधने आज विद्यार्थ्यांच्या हाती आली आहेत, त्यांत पडदा नसलेली आरेखन-पाटी हे स्वस्त आणि म्हणून सहज आवाक्यात येणारे साधन होय. व्यवहारात तिला ‘पेन टॅब’ किंवा ‘ग्राफिक टॅबलेट’ म्हणतात. टेबलावर एक सपाट पाटी ठेवावयाची, तिच्यावर लेखणी फिरवावयाची आणि उमटणारी रेषा मात्र समोरच्या संगणकाच्या पडद्यावर पाहावयाची, अशी तिची रचना असते. ज्या पृष्ठावर लेखणी फिरते त्यावर काहीच उमटत नाही. पाटीतच पडदा बसविलेले दुसरे साधनही बाजारात आहे; परंतु पहिले काही हजार रुपयांत मिळते, तर दुसऱ्यासाठी त्याच्या अनेक पट रक्कम मोजावी लागते. वाशीम, रिसोड किंवा मानोरा येथील सामान्य कुटुंबातल्या विद्यार्थ्यापुढे या दोहोंतून निवड करण्याचा प्रश्न बहुधा उद्भवतच नाही. त्याच्या हाती येते ती पडदा नसलेली पाटी.

या साधनावर एक आक्षेप वारंवार घेतला जातो. चित्रकलेत हात आणि डोळा यांचे अद्वैत असते. येथे हात एकीकडे आणि दृष्टी दुसरीकडे. सबब या पाटीवर काढलेली रेषा निर्जीव असते आणि तिचे चित्र दुय्यम ठरते, असे आक्षेपाचे स्वरूप आहे. ही केवळ अभिरुचीची बाब असती तर तिची दखल घेण्याचे फारसे कारण नव्हते. परंतु असे मत मूल्यमापनात शिरले म्हणजे साधनाच्या किमतीतील भेद गुणवत्तेतील भेद म्हणून मांडला जातो. चित्र पाहण्यापूर्वीच त्याला उणेपणा चिकटतो, आणि तो नेमका ज्याची ऐपत कमी त्याच्याच चित्राला चिकटतो. म्हणून या आक्षेपाचा आधार तपासून पाहणे अगत्याचे आहे.

२

प्रथम नावाचा विचार करू. ‘टॅबलेट’ हा शब्द मराठीत औषधाची गोळी आणि बोटाने चालविण्याचा सपाट संगणक अशा दोन अर्थांनी आधीच रुळला आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ फळी असा आहे, आणि मराठीत त्या जागी शोभणारा शब्द ‘पाटी’ हाच होय. ‘पट्ट’, ‘पट्टिका’ यांच्या कुळातील हा शब्द लेखनाच्या पहिल्या धड्याशी जोडलेला आहे. तथापि एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. शाळेतली पाटी पुसली म्हणजे कोरी होते. ही पाटी लिहीत असतानाही कोरीच राहते. आक्षेपकाला खटकते ते हेच कोरेपण.

या कोरेपणाकडे पाहण्याची प्रचलित दृष्टी अशी की, पडदा नसलेली पाटी ही पडदा असलेल्या पाटीची अपुरी, गरिबाघरची आवृत्ती आहे. साधनाचा इतिहास याला दुजोरा देत नाही. १९६३ साली आयव्हन सदरलंड यांनी मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत ‘स्केचपॅड’ ही आरेखन-प्रणाली सिद्ध केली. तीत प्रकाश-लेखणी पडद्यालाच भिडवून रेषा काढावी लागे. म्हणजे हात आणि डोळा एकाच ठिकाणी होते. परंतु उभ्या पडद्यावर लेखणी धरून काम करताना बाहू अधांतरी राहत असे व लवकर थकत असे. त्यानंतर १९६४ साली अमेरिकेतील रँड या संशोधनसंस्थेची पाटी प्रसिद्ध झाली. सुमारे १० इंच लांब व तितक्याच रुंद असलेल्या तिच्या पृष्ठावर १० लक्षांहून अधिक स्थानबिंदू ओळखले जात. हात टेबलावर विसावलेला आणि दृष्टी समोरच्या पडद्यावर, ही व्यवस्था तेथे जाणूनबुजून स्वीकारलेली होती. पडद्यावर थेट आरेखन आधी आले आणि त्यापासून विलग झालेली पाटी नंतर आली, हा क्रम ध्यानात घेतला म्हणजे ‘अपुरी आवृत्ती’ हे वर्णन टिकत नाही.

शरीराच्या ठेवणीचा मुद्दाही येथे गौण नाही. वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथील जैन ग्रंथभांडारे मध्य प्रांत व वऱ्हाड यांतील हस्तलिखितांच्या १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या सूचीमुळे अभ्यासकांच्या दृष्टीसमोर आली, आणि तेथील पोथ्यांच्या आधारे अपभ्रंश वाङ्मयाचे महत्त्वाचे ग्रंथ पुढे संपादित झाले. हस्तलिखितांच्या अखेरीस लेखकाची एक तक्रार पुष्कळदा आढळते. पाठ, कंबर व मान मोडून, दृष्टी खिळवून, तोंड खाली घालून हे कष्टाने लिहिले आहे, तेव्हा ते जपावे, असा तिचा आशय असतो. हात आणि डोळा यांच्या अद्वैताची ही शरीराने मोजलेली किंमत आहे. पडदा नसलेल्या पाटीवर काम करणाऱ्याची मान सरळ राहू शकते. ज्या विलगतेला दोष म्हटले जाते तिचीच ही दुसरी बाजू आहे.

३

आता आक्षेपाच्या गाभ्याकडे वळू. कर्म करणारा अवयव दिसल्यावाचून त्या कर्मात कौशल्य येत नाही, असे गृहीत त्यात दडलेले आहे. भाषेच्या अभ्यासकाला हे गृहीत तत्काळ संशयास्पद वाटले पाहिजे. वाणीइतके सूक्ष्म कौशल्य मनुष्याच्या अंगी दुसरे क्वचितच असेल; आणि बोलणाऱ्याला आपली जीभ कधी दिसत नाही. शिक्षाग्रंथांनी स्थान, करण आणि प्रयत्न असे उच्चारणाचे घटक सांगितले. त्यांतील स्थान व करण बहुतांशी मुखाच्या आत झाकलेले असतात. बोलणाऱ्याला प्रतीत होतो तो ध्वनी, म्हणजे कर्माचा परिणाम. ‘ट’ आणि ‘त’ यांतील भेद मूल आरशात पाहून शिकत नाही. ऐकलेला ध्वनी आणि जिभेची आतून जाणवणारी हालचाल यांची सांगड घालून ते शिकते. पाटीवर चालणारा हात हा असाच झाकलेला करण आहे. पडद्यावरील रेषा हा त्याचा ध्वनी. आतून जाणवणारी हाताची गती आणि बाहेर दिसणारा परिणाम यांची सांगड अभ्यासाने बसते.

ही सांगड बसू शकते याला प्रायोगिक पुरावाही आहे. १८९० नंतरच्या दशकात जॉर्ज स्ट्रॅटन या मानसशास्त्रज्ञाने जग उलटे दाखविणारी भिंगे दिवसानुदिवस डोळ्यांवर वागविली. आरंभी प्रत्येक हालचाल चुकत होती. सुमारे आठवड्याभरात हात नव्या दृष्टीशी जुळवून घेऊ लागला. ज्या हाताला उलट्या जगाशी जमवून घेता येते, त्याला फूटभर सरकलेल्या रेषेशी जमवून घेणे अशक्य मानता येणार नाही. चित्रशिक्षणातही हे तत्त्व अपरिचित नाही. किमॉन निकोलाइडिस यांच्या १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या अध्यापन-ग्रंथात कागदाकडे न पाहता, दृष्टी वस्तूच्या कडेवरून फिरवीत रेषा काढण्याचा अभ्यास सांगितला आहे. आपल्याकडील शासकीय रेखाकला परीक्षांतही वस्तू पाहून चित्र काढताना डोळा कागदावरून वस्तूकडे सतत ये-जा करीतच असतो. अखंड अद्वैत तेथेही नसते.

मात्र वाणीच्या उपमेची मर्यादा कोठे येते तेही पाहिले पाहिजे. बोलताना ध्वनी तत्क्षणी कानी येतो. १९५० साली बर्नार्ड ली यांनी दाखवून दिले की, स्वतःचाच आवाज सुमारे एक-पंचमांश सेकंद उशिरा ऐकविला तर अस्खलित बोलणारा माणूसही अडखळू लागतो. पाटीच्या बाबतीत हाच नियम लागू पडतो. संगणक मंद असला आणि रेषा लेखणीच्या मागे रेंगाळू लागली, तर हात कचरतो व रेषा थरथरते. हा दोष खरा आहे. परंतु तो कालगत आहे. आक्षेपक दोष देतो तो स्थलगत अंतराला, आणि रेषा बिघडविणारे अंतर बहुतेक वेळा काळाचे असते.

लेखणी उचलून पुन्हा नेमक्या जागी टेकविणे हे या साधनातले अवघड काम आहे, हेही मान्य केले पाहिजे. त्यावर यंत्राच्या रचनेतच उपाय योजिलेला आहे. विद्युच्चुंबकीय अनुनादावर चालणाऱ्या पाट्यांत पाटीखालील तारांची वेटोळी लेखणीतील मंडलाला ऊर्जा पुरवितात आणि त्याचा प्रतिसाद टिपून तिचे स्थान व दाब ठरवितात. त्यामुळे लेखणीला विद्युत्-घटाची गरज पडत नाही, आणि ती पाटीला टेकण्यापूर्वी, किंचित वर असतानाही, तिचे स्थान पडद्यावर दर्शकचिन्हाने दिसते. रेषा कोठे सुरू होणार हे डोळ्याला आधीच कळते. शिवाय येथे हात चित्रावर कधीच येत नसल्याने चित्राचा कोणताही भाग झाकला जात नाही.

४

तर मग या पाटीवरच्या चित्रात उणे काहीच नसते काय? असते, पण त्याचा शोध अन्यत्र घ्यावा लागतो. पहिला दोष प्रमाणाचा. पाटीची लांबी-रुंदी आणि पडद्याची लांबी-रुंदी यांचे गुणोत्तर सारखे नसले, तर हाताने काढलेले वर्तुळ पडद्यावर लंबवर्तुळ होते. हात खरे बोलतो आणि यंत्र चुकीचे ऐकते. पाटीचे कार्यक्षेत्र पडद्याच्या प्रमाणात बसवून घेतले की हा दोष नाहीसा होतो. पण शिकविणाऱ्याला तो ठाऊक नसला तर दोष विद्यार्थ्याच्या हाताला लागतो.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. क्रितासारख्या विनामूल्य मिळणाऱ्या आरेखन-प्रणालींतही रेषा स्थिर करण्याची सोय असते. लेखणीच्या मागील काही स्थानांची सरासरी काढून प्रणाली कंप काढून टाकते व गुळगुळीत रेषा देते. ही सोय अतिरेकाने वापरली म्हणजे दहा विद्यार्थ्यांच्या रेषा एकाच हाताच्या वाटू लागतात. तिसरा प्रश्न चूक मागे घेण्याच्या आज्ञेचा. जुन्या पोथ्यांत चुकलेल्या अक्षरांवर हरताळाचा पिवळा लेप देत. त्यावरूनच मराठीत ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आला. पण त्या लेपाचा पिवळेपणा उरत असे आणि दुरुस्ती झाल्याची साक्ष देत असे. संगणकाचा हरताळ रंगहीन आहे. चुकीची आठवण राहत नाही, म्हणून चुकीपासून मिळणारे शिक्षणही निसटण्याचा धोका असतो. परंतु ध्यानात घ्यावयाचे ते असे की, हे दोन्ही दोष पडदा असलेल्या महाग पाटीवरही तितकेच संभवतात. ज्या भेदावर आक्षेप उभा आहे, त्याच्याशी त्यांचा संबंध नाही.

५

कलाविचाराच्या भारतीय परंपरेत या प्रश्नाला उत्तर शोधू लागल्यास ते वाशीमच्या परिसरातच सापडते. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे करविले. तेथील चित्रकारांनी मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा हात देऊन प्रथम गेरूने रेषा आखली, मग रंग भरले आणि अखेरीस पुन्हा गडद रेषेने आकृती निश्चित केल्या. विष्णुधर्मोत्तरातील चित्रसूत्राने आचार्यांच्या लेखी रेखेला सर्वांहून अधिक मान दिला, तो अशा चित्रपरंपरेकडे पाहता यथार्थ वाटतो. कामसूत्राचा टीकाकार यशोधर याने चित्राची सहा अंगे सांगितली: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. यांपैकी अखेरचे तेवढे रंगद्रव्य व कुंचला यांच्या हाताळणीशी निगडित आहे. उरलेली पाच चित्रात पाहावयाची आहेत. ते कोणत्या पृष्ठावर काढले याची चौकशी त्यांसाठी करावी लागत नाही.

वत्सगुल्माचा संबंध साहित्यविचाराशीही आहे. दहाव्या शतकाच्या आरंभीच्या राजशेखराने काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरात लावला, आणि ‘वच्छोमी’ हे रीतीचे नाव या नगराच्या नावावरूनच आलेले आहे. स्थळावरून रीतीला नाव मिळाल्याचे याहून गौरवास्पद उदाहरण नसेल. आणि तरीही कुंतकाने देशावरून रीती ठरविण्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. देश अगणित आहेत, मग रीतीही अगणित मानाव्या लागतील, असे त्याचे म्हणणे. मार्गाचा भेद तो कवीच्या स्वभावात शोधतो. हाच युक्तिवाद साधनांना लागू केला पाहिजे. साधने दर वर्षी नवी येतात. त्यांवरून चित्राची प्रत ठरवू लागल्यास समीक्षा ही दुकानदाराच्या दरपत्रकाची टीप होऊन बसेल.

तेव्हा परीक्षकापुढे आलेल्या चित्राबाबत विचारावयाचे प्रश्न वेगळे आहेत. रेषेचा दाब आकृतीच्या गरजेप्रमाणे बदलतो काय? वळणावर हात स्वतः वळला आहे, की प्रणालीने त्याला वळविले आहे? प्रमाण जाणीवपूर्वक राखले आहे काय? पहिल्या महिन्यातील चित्र आणि सहाव्या महिन्यातील चित्र यांत हाताची प्रगती दिसते काय? अखेरचा प्रश्न विशेष महत्त्वाचा, कारण झाकलेल्या करणाला सराव होण्यास काळ लागतो, आणि बोबड्या बोलांवरून कोणी मुलाच्या वाणीचा निवाडा करीत नाही. या प्रश्नांची उत्तरे चित्रातच मिळतात. पाटीला पडदा होता की नव्हता, ही माहिती त्यांत काहीही भर घालीत नाही.