ठेचलेला आणि अनुतप्त

दलित ख्रिस्ती धर्मचिंतनात एक मुद्दा वारंवार मांडला जातो. हिब्रूत 'दल' म्हणजे दीन, दुबळा. म्हणून आपला 'दलित' त्याचाच सगा. मला हे मान्य नाही. 'दलित' संस्कृत 'दल्' धातूचा, हिब्रूचे भाषाकूळच वेगळे. आपल्या शब्दाला प्रतिष्ठा मिळावी म्हणून संदेष्ट्यांच्या भाषेत त्याचे मूळ शोधत जाण्याची गरजच काय? अर्थाने जवळचा हिब्रू शब्द दुसराच आहे: 'दक्का'. दक्का म्हणजे चिरडलेला, ठेचून चूर झालेला. मोल्सवर्थच्या कोशातला 'दलित'ही असाच दळलेला, मोडलेला आहे.

मराठी बायबलात या शब्दाचे काय झाले ते पाहावे. यशयाच्या 53व्या अध्यायातला दुःखी सेवक 'ठेचला' जातो; क्रियापद याच धातूचे. पण 34व्या स्तोत्रात 'दक्का' आला की मराठीत तो 'अनुतप्त' होतो. लॅटिन आणि इंग्रजीतही अर्थ असाच सरकला आहे. ठेचलेला माणूस पश्चात्तापी झाला! ठेचणाऱ्याचा हात वाक्यातून नाहीसा झाला आणि पाप मात्र ठेचलेल्याच्या पदरात पडले. भाषांतरकारांनी हे जाणूनबुजून केले असे मी म्हणत नाही. पण ही युक्ती आपल्याला नवी आहे काय? महाराचे दुःख हे त्याच्याच पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, असे कर्मविपाकाने आपल्याला पिढ्यानपिढ्या ऐकवले.

51व्या स्तोत्राची गोष्ट वेगळी. तिथे याच धातुकुळातला शब्द आहे, परंतु परंपरेने ते स्तोत्र दावीद राजाचे. उरीयाची बायको घेतली, उरीयाला लढाईत मारवले, त्यानंतरचे. तिथे 'अनुतप्त' शोभते, कारण बोलणारा सत्ताधारी आहे, गुन्हेगार आहे. उरीयाने कशाचा अनुताप करायचा होता?

नीतिसूत्रांच्या 22व्या अध्यायात 'दल' आणि 'दक्का'चे क्रियापद एकाच वचनात येतात. दुबळ्याला लुबाडू नये, गरिबाला वेशीत चिरडू नये, असा तिथे इशारा आहे. वेस ही त्या समाजात न्यायनिवाड्याची जागा. म्हणजे चिरडणे न्यायाच्या नावाने चालते हे त्या वचनाला ठाऊक आहे, आणि दटावणी चिरडणाऱ्याला आहे. आपल्या वेशीवर महाराला राखणदारी होती. निवाडा चावडीवर, आणि तिथे तो खाली उभा.

वासुदेव बळवंत फडक्यांच्या या शिरढोणात बसून लिहिताना हिब्रू तशी फार दूरची वाटत नाही. जवळच पनवेलला बेने इस्रायलांचे सिनेगॉग आहे. कुलाब्याच्या गावोगावी ते तेल गाळत. शनिवारी घाणा बंद, म्हणून 'शनवार तेली'. प्रायश्चित्ताच्या दिवसाला त्यांनी मराठी नाव दिले, 'दारफाळणीचा सण'. (त्यांच्यातही गोरे इस्रायल नि काळे इस्रायल होते, आणि बेटीव्यवहार बंद होता. जात हिब्रू प्रार्थनेलाही अडली नाही.) या दिवसाविषयी मिश्नाचा नियम मोठा रोखठोक आहे: माणसाचा अपराध केला असेल तर त्या माणसाची समजूत घातल्याखेरीज हा दिवससुद्धा क्षमा मिळवून देत नाही.

याच जिल्ह्यात, महाडला, 20 मार्च 1927 रोजी आपली माणसे चवदार तळ्याचे पाणी प्याली आणि त्यानंतर मार खाऊन परतली. मग सवर्णांनी पंचगव्याचे घडे ओतून तळे शुद्ध करून घेतले. डोकी आपली फुटली, शुद्धी पाण्याची झाली. ज्या हातांत लाठ्या होत्या त्यांना 'अनुतप्त' व्हा असे कोणत्या धर्मपीठाने सांगितले?