बाळबोली कोणाची?
‘मराठी बेबी टॉक’ आणि शिरूर-दौंडकडील मुलांचे पहिले बोल

डॉ. अशोक रा. केळकर यांचा ‘मराठी बेबी टॉक’ हा निबंध १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘वर्ड’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी ‘अमेरिकन अँथ्रॉपॉलॉजिस्ट’मध्ये सहा भाषांतील बाळबोलींची तुलना मांडली, आणि अरबी, इंग्रजी, स्पॅनिश, कोमांची व गिल्याक यांच्या पंक्तीला मराठी जाऊन बसली. मंमं, भूभू, चिऊ, काऊ, जोजो, बाऊ, भुर्र हे ज्यांना कोणी शब्दकोशात सन्मानाने जागा देत नाही असे शब्द प्रथमच भाषेची एक व्यवस्था म्हणून पाहिले गेले. मराठीच्या अभ्यासकांनी या घटनेची म्हणावी तशी दखल घेतली नाही, ही खेदाची गोष्ट होय. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दीर्घकाळ अध्यापन-संशोधन केलेल्या केळकरांना २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार ‘रुजुवात’साठी मिळाला, त्यांचे समीक्षाविषयक लेखन वाचणाऱ्या कित्येकांना हा निबंध ठाऊकही नसतो.

या विवेचनाचे मोल नेमके कशात आहे? मोठी माणसे मुलाशी लाडाने बोबडे बोलतात ती मुलाच्या बोलण्याची नक्कल करतात, ही सर्वसाधारण समजूत आहे. फर्ग्युसन यांच्या तुलनेने या समजुतीला धक्का दिला. बाळबोली ही रूढीने चालत आलेली असते. आजीकडून आईकडे, आईकडून मुलीकडे जाते. तिला स्वतःचे वर्ण, स्वतःचे शब्द, स्वतःच्या पसंतीचे अक्षरबंध असतात. आप्तांची नावे, खाणेपिणे, देहधर्म, प्राणी आणि खेळ एवढ्यातच तिचा शब्दसंग्रह बहुतांशी सामावतो. ओष्ठ्य व्यंजने आणि द्विरुक्ती यांचे तिला वेड असते. म्हणजे ‘मंमं’ हा शब्द मुलाने निर्माण केलेला नसून समाजाने मुलासाठी घडवून ठेवलेला आहे. हा निष्कर्ष आजही टिकून आहे.

आक्षेप आहे तो या निबंधावर नाही. त्याच्यापुढे जे घडावयास हवे होते आणि घडले नाही, त्यावर आहे. बाळबोली ही मुलाशी बोलण्याची भाषा. मूल स्वतः काय बोलते आणि केव्हा बोलू लागते, हा वेगळाच प्रश्न. पहिल्याचे उत्तम वर्णन हाती असल्यामुळे दुसऱ्याचेही उत्तर आपोआप मिळाले, असा काहीसा समज मराठीच्या अभ्यासात रुजला. दरम्यान हा दुसरा प्रश्न भाषाशास्त्रज्ञांच्या हातून निसटला व वैद्यांच्या आणि आरोग्यसेवकांच्या हाती गेला. बडोद्याच्या प्रमिला फाटक यांनी भारतीय बालकांसाठी विकासमापनाची श्रेणी सिद्ध केली. केरळात तिरुवनंतपुरम येथे भाषेची स्वतंत्र तपासणी-सूची तयार झाली. हे प्रयत्न स्तुत्यच आहेत. पण ‘शब्द’ म्हणजे काय, हे अशी सूची गावात वापरताना कोणी ठरवावयाचे? ते भाषाशास्त्रानेच ठरवून द्यावयास हवे होते.

प्रश्नाची अडचण पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत विशेष स्पष्ट दिसते. घोड आणि भीमा या नद्यांकाठची ही उसाची गावे पुण्यापासून फार दूर नाहीत. पण येथील खेड्यांतील मराठी ही पुस्तकी मराठी नव्हे. येथे पुष्कळ घरांत ‘ण’ नाही. पाणी ‘पानी’ असते, कोण ‘कोन’ असते. ‘वेळ’ची ‘येळ’ होते, ‘विहिरी’ची ‘इहीर’. आता अडीच वर्षांचे मूल ‘पानी दे’ म्हणाले तर त्याचा उच्चार अपक्व समजावयाचा काय? त्याने तर ऐकले ते अचूक उचलले आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की, हिंदीतील दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’ यांतील भेद इंग्रजी घरातील सहा-आठ महिन्यांच्या बालकालाही कळतो. पण वर्षाच्या आत ते कान बंद होतात, कारण घरात तो भेद कामाचा नसतो. मूल बोलू लागण्यापूर्वीच घरच्या भाषेचे झालेले असते, असा त्याचा अर्थ. मग ‘न’ आणि ‘ण’ यांच्या बाबतीतही शिरूरकडील मुलाचे कान घरच्याच बोलीने घडविले असणार, असे अनुमान करण्यास हरकत नाही. ज्याला चूक म्हणून टिपावे, ते खरे पाहता त्या मुलाचे यश असते.

आप्तवाचक शब्दांची गोष्ट याहून मजेदार आहे. रोमान याकोबसन यांनी जगभरातील मातापित्यांच्या १०७२ नामांच्या संग्रहावरून ‘मामा’ आणि ‘पापा’ हे आकार इतक्या भाषांत का आढळतात याची उपपत्ती मांडली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२२ मध्ये सुधारलेल्या यादीतही बारा महिन्यांचे मूल आईबापांस ‘मामा’, ‘डाडा’ किंवा अन्य एखाद्या खास नावाने हाक मारते, असे कलम आहे. हेच कलम दौंडच्या एखाद्या वाड्यावर वाचून दाखविले तर मामा म्हणजे आईचा भाऊ आणि दादा म्हणजे थोरला भाऊ! ‘आई’ या मराठी शब्दात तर व्यंजनच नाही. शिवाय एकत्र कुटुंबात मूल पुष्कळदा आईला तिच्या दिरांचे ऐकून ‘वहिनी’ म्हणते आणि बापाला ‘दादा’, ‘अण्णा’ किंवा ‘तात्या’. तेव्हा ‘अन्य एखाद्या खास नावाने’ हे शब्द मूळ यादीच्या कर्त्यांनी घातले ते बरे झाले. दुर्दैव हे की अशा याद्या तोंडी सांगितल्या जातात तेव्हा पहिले गळतात ते नेमके हेच शब्द.

आता मुख्य मुद्दा. समजा, अंगणवाडीत दीड वर्षाच्या मुलाची आई आली आहे आणि तिला विचारले, “ताई, बाळ किती शब्द बोलतं?” उत्तर बहुधा येते, “अजून काय बोलत न्हाई.” तेवढ्यात मूल तिच्या कडेवरून बाहेरच्या गाईकडे बोट करून ‘हम्मा’ म्हणते, पाण्याच्या तांब्याकडे पाहून ‘मम’ म्हणते. आईच्या लेखी हे बोलणे नव्हे, तो लाड. आणि नोंदवहीतही शून्य पडते. भाषाशास्त्राच्या कसोटीने पाहता, ध्वनिरूप ठरलेले, अर्थ ठरलेला आणि उच्चार स्वतः होऊन, प्रसंगी केलेला असेल, तर तो शब्दच होय. मग तो कोशात असो वा नसो. केळकरांनी ज्यांना व्यवस्थेचा दर्जा दिला ते हे शब्द. त्या निबंधाचा हा व्यावहारिक परिणाम कोणीच काढला नाही.

मोजणीतील दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे. इंग्रजीवरून घेतलेल्या याद्या नामांवर भर देतात. चेंडू, मांजर, दूध अशी चित्रे दाखवून विचारले जाते. परंतु मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, कर्ता-कर्म पुष्कळदा गाळले जातात, आणि मुलाशी बोलणे म्हणजे मुख्यतः दे, घे, ये, बस, नको, उठ, चल. ट्विला टार्डिफ यांनी १९९६ मध्ये बीजिंगच्या मुलांविषयी दाखविले की, चिनी मुलांच्या आरंभीच्या बोलण्यात क्रियापदे नामांइतकी किंवा अधिक असतात. मराठीत असे असणे सर्वथा संभवनीय आहे. ‘पडलं’, ‘संपलं’, ‘गेलं’ असे नपुंसकलिंगी भूतकाळ मुलांच्या तोंडी किती लवकर बसतात, हे कोणत्याही घरात ऐकू येते. चेंडूचे चित्र पाहून गप्प राहणारे मूल चेंडू खाली जाताच ‘पडलं!’ म्हणत असेल, तर त्याचे एक वाक्य झाले आहे.

बाळबोलीचा अभ्यास गृहीत धरतो ती बोलणारी व्यक्ती म्हणजे प्रौढ स्त्री. पण दिवाळीनंतर मराठवाड्यातून या भागात ऊसतोडीस येणाऱ्या कुटुंबांत आई पहाटेच फडात जाते, आणि कोपीजवळ तान्ह्याला सांभाळते ती सात-आठ वर्षांची बहीण. ती बाळबोली बोलते काय? मॅरिलिन शॅट्झ आणि रॉशेल गेलमन यांनी १९७३ मध्येच दाखविले होते की, चार वर्षांची मुलेदेखील दोन वर्षांच्या मुलाशी बोलताना वाक्ये आखूड करतात. बहिणीच्या तोंडून मुलाला भाषा मिळत नाही असे म्हणण्यास आधार नाही. पापुआ न्यू गिनीतील कालुली लोकांविषयी बांबी शिफेलिन यांनी नोंदविले आहे की, मुलाशी बोबडे बोलणे त्यांना मुळीच मान्य नाही. तरी त्यांची मुले बोलतात. ‘मजुरांच्या घरात मुलांशी कोणी बोलत नाही’ हे वाक्य शहरी मंडळींच्या तोंडी फार सहज येते. त्यातील बराचसा भाग निरीक्षणाचा नसून प्रतिष्ठेचा असतो. या भागात घरी पारधी किंवा कैकाडी बोलली जाते अशी मुलेही आहेत. कैकाडी तर द्राविड कुळातील, तमिळला जवळची. त्या मुलाचे दहा शब्द मराठीतून विचारणाऱ्यास दिसणारच नाहीत.

तथापि या विवेचनाचा कोणी असा अर्थ घेऊ नये की, उशिरा बोलणारे मूल असे काही नसतेच. येथे धोका उलट बाजूनेही आहे, आणि तो अधिक गंभीर होय. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचा बाप पण तिसऱ्या वर्षी बोलला’, ‘जीभ जड आहे’ अशा समजुतींवर घरे महिनेच्या महिने काढतात. वेखंड मधात उगाळून चाटवितात. वेखंडाचे संस्कृत नाव ‘वचा’. नावातच वाणी आहे, म्हणून उपायही तोच मानला गेला असावा. मात्र वर्षाच्या आतील मुलाला मध देणे घातक ठरू शकते, हे वैद्यकाने सांगून ठेवले आहे. खरा प्रश्न जिभेचा नसून पुष्कळदा कानाचा असतो. जन्मतः बहिरे असलेले मूलही पहिले काही महिने आवाज करते, हसते, त्यामुळे कोणास शंका येत नाही. बहिरेपणाची तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपाययोजना सहाव्यापर्यंत व्हावी, असे तज्ज्ञ सांगतात. दोन वर्षे ‘बोलेल हळूहळू’ म्हणत गेली तर भाषा शिकण्याचा उत्तम काळ हातचा जातो.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात बहिरेपणा आणि भाषाविलंब या दोहोंची तपासणी समाविष्ट आहे. २०१८ पासून आशा सेविकेने तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी जावे अशीही योजना आहे. ऊसतोड कुटुंबाच्या बाबतीत ती घरी जाते तेव्हा घर तेथे नसते, हा तिचा दोष नव्हे. शिरूर तालुक्यात वढू येथे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे संशोधन केंद्र २००२ पासून शिरूर-हवेलीतील २२ गावांचे जन्म, मृत्यू आणि स्थलांतर नियमाने नोंदवीत आले आहे. मूल नेमके किती महिन्यांचे आहे, हे जेथे खात्रीने कळते अशी ही जागा. भाषेच्या अभ्यासकाला वय खात्रीने कळणे ही अर्धी लढाई असते. केळकरांच्या निबंधाचा दुसरा भाग लिहावयाचा, तर तो अशा नोंदवहीच्या शेजारी बसून लिहावा लागेल.

तोपर्यंत निदान प्रश्न बदलता येईल. “किती शब्द बोलतं?” याऐवजी आईला, आणि आईइतकेच थोरल्या बहिणीला, असे विचारावे: भूक लागली की काय म्हणतं, पाणी पाहिजे असलं की काय म्हणतं, नको असलं की काय म्हणतं, गाय दिसली, पाऊस आला, कोणी गेलं की काय म्हणतं; आणि ते ज्या भाषेत म्हणत असेल त्याच भाषेत, जसेच्या तसे, लिहून घ्यावे. त्याच बैठकीत मुलाच्या पाठीमागून हलकेच वाटी वाजवावी आणि ते वळून पाहते की नाही ते पाहावे. वळले नाही, तर शब्द मोजण्यात वेळ न घालविता त्याला कानाच्या तपासणीस पाठवावे. वळले, तरी बोलण्याविषयी शंका उरली असल्यास कानाची रीतसर तपासणी टाळू नये.